दोन अक्षरांचं नाणं

मामांकडे राहायला गेले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला करमत नसे. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरीले गाड्याइची सवय नाही ना, म्हणून अशी बसून राह्यते." पण मला त्रास गाड्यांचा नव्हता. गाडी निघून गेल्यावर जे सुनसान व्हायचं, त्याचा होता. केशोरीला आमच्या घरात भावंडं, बकऱ्या, शेजारपाजारचं कुणी ना कुणी, असा सतत गलका असायचा. इथं दरेकशाला स्टेशनाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि रुळांच्या कडेला रेल्वेचे थोडेसे लाल विटांचे क्वार्टर. मालगाडी धडधडत गेली की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या, खिडकीची काच थरथरायची, आणि मग सगळं इतकं शांत व्हायचं की अंगणात मोहाचं वाळलेलं पान पडलेलं ऐकू यावं. मेल तर आमच्याकडे थांबतच नसे. दुपारची मेल जाताना मी कुंपणाशी उभी राहून हात हलवायची. खिडकीतली माणसं कुठंतरी लांब बघत निघून जायची. एखादं लहान मूल उलट हात हलवायचं, आणि तेवढ्यावर माझी संध्याकाळ बरी जायची.

केशोरीत शाळा होती, आणि मी हुशार आहे असं गुरुजी म्हणायचे. पण धानाच्या रोवणीचे दिवस आले की शाळा एकीकडे आणि मी चिखलात, असं व्हायचं. माय आणि बाबा दोघंही दुसऱ्याच्या शेतात, बांधीत राबणारे, आणि मी घरातली मोठी मुलगी. मामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ. आमच्या सगळ्या गणगोतात मॅट्रिक झालेले ते एकटेच, आणि स्टेशनमास्तर झालेलेही तेच. एकदा ते गावाला आले तेव्हा मी धानाची रोपं, परे, उपटत होते. बांधावर उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले, आणि जेवायला बसल्यावर मायला म्हणाले, "बाई, ही पोरगी मले दे. मी शिकवतो."  मायनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. तो तिचा होकार होता, हे मला दुसऱ्या दिवशी मामांनी माझी पिशवी उचलली तेव्हा कळलं. आज मी निवृत्त शिक्षिका म्हणून पेन्शन घेते, माझ्या विद्यार्थिनी रस्त्यात थांबून पाया पडतात. पण भाताचा तो जादा वाढा आठवला की अजूनही हातातला घास मी ताटात परत ठेवते.

मामीला मूल नव्हतं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण क्वार्टरच्या मागं तिनं पाळलेल्या प्रत्येक कोंबडीला नाव होतं. बाकीच्या क्वार्टरमधली माणसं बदलीची, आज आहेत उद्या नाहीत, त्यांतल्या बहुतेकांची बायकापोरं गोंदियाला. त्यामुळे मामी दिवसभर कोंबड्यांशी, चुलीशी, उतू जाणाऱ्या दुधाशी बोलायची. मी आले आणि ती माझ्याशी बोलू लागली, ती मग थांबलीच नाही. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणतानाही मधेच, "सुजाता, वरण पाह्यजो वो," असं म्हणून पुढची ओळ घ्यायची. तिच्या हातचं लाखोळीचं वरण, सुक्या झिंग्यांची चटणी, अंबाडीची भाजी, आणि तांदळाच्या पिठाचे जाळीदार आयते. वैशाखी पौर्णिमेला ती खीर करायची ती पातेलंभर. खाणारे आम्ही तिघं. उरलेली खीर गँगमनच्या घरी पोचवायला मी जायची, आणि परत येताना रुळावर उभी राहून बघायची तर दोन्हीकडे रूळ सरळ जाऊन डोंगरात नाहीसे झालेले.

मामांना होमिओपॅथीचा नाद होता. आसपासच्या पाड्यांतली माणसं त्यांच्याकडे साबुदाण्यासारख्या गोळ्या न्यायला येत. त्या गोळ्यांची एक लाकडी पेटी होती, कप्प्याकप्प्यांची. सगळ्यांत खालच्या कप्प्यात बाटल्या नव्हत्या. तिथं कापूस होता, आणि कापसात अमेरिकेची जुनी सोन्याची नाणी.

आमच्यासारख्यांच्या घरात अमेरिकेचं सोनं कुठून आलं, असं कुणालाही वाटेल. गोंदियाची लाख एकेकाळी परदेशात जायची. आमच्याच जंगलातल्या पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवरून खरवडलेली लाख. त्या पैशात बडे झालेले लाखेचे व्यापारी कलकत्त्याहून सोनं आणत, त्यात ही नाणी यायची. पुढं त्या घरांची भाऊवाटणी झाली, लग्नं झाली, आणि नाणी वितळवून दागिने करायला सराफ्यात येऊ लागली. तिथं एक म्हातारे सराफ होते, त्यांना सगळे भैयाजी म्हणत. ते या नाण्यांना सरसकट 'पाखरू' म्हणायचे, कारण मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड होता. मामा गोंदियाला गेले की भैयाजी हाक मारायचे, "बाबूजी, एक पाखरू आया है. देखोगे कि गला दूँ?" आणि मामा पगारातून साठवलेले पैसे देऊन ते पाखरू मुशीतून वाचवून घरी आणायचे. सोन्याच्या भावात, कारण भैयाजींच्या लेखी त्याला दुसरा भावच नव्हता.

हा नाण्यांचा नाद त्यांना कशामुळे लागला, हे मी एकदा विचारलं. मामा भिंगातून बघत होते, मान वर न करता म्हणाले, "आपल्या घरात जुनं काहीच नाही सुजा. ना भांडं, ना शेत, ना कोनाची आठवण सांगणारी वस्तू. म्हणून दुसऱ्याचं जुनं सांभाळून राहिलो."

त्यांच्याजवळ रद्दीत मिळालेला नाण्यांचा एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग होता. माझं इंग्रजी त्याच्यावरच झालं. पुढच्या स्टेशनाच्या गावी मी शाळेत जायची, तिथं वर्गातल्या मुली गाईवर दहा वाक्यं पाठ म्हणत तेव्हा मला टांकसाळ, शिक्का, काठावरच्या रेघा यांचे इंग्रजी शब्द यायचे आणि गाईवर दोन वाक्यं येत नसत. मामांकडे तेव्हा चार लहान नाणी होती, पाच-पाच डॉलरची. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचं डोकं, भोवती चांदण्या, दुसऱ्या बाजूला गरुड. मामा म्हणायचे, "ही सारी साधी. अशी दुनियेत बक्कळ हायेत. चांगलीच हायेत, पण बक्कळ." मग कॅटलॉगातलं एक चित्र दाखवायचे. तिथं गरुडाच्या शेपटीखाली दोन सारखी अक्षरं होती, शेजारी शेजारी, मुंगीएवढी. ती एका वाळवंटातल्या गावाच्या टांकसाळीची खूण. खाणीमुळे ते गाव वसलं, थोडी वर्षं तिथं नाणी पडली, मग खाण आटली आणि टांकसाळ बंद झाली. "सोनं तेच, वजन तेच, बाई बी तेच," मामा सांगायचे. मी म्हटलं, "मग फरक काय?" ते म्हणाले, "याच्यासंगचे उरले नाहीत. एवढाच फरक." मी ते चित्र पुष्कळ वेळ बघत बसले. मला त्या नाण्याची दया आली होती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

मी नववीत असताना भैयाजींकडे एक मोठं पाखरू आलं, वीस डॉलरचं. मी मामांबरोबरच होते. त्यांनी ते उलटं केलं आणि त्यांचा अंगठा थांबला. शेपटीखाली दोन अक्षरं होती. मामांनी खिशातून भिंगही काढलं नाही. शांतपणे म्हणाले, "भैयाजी, माह्याजवर चार लहान हायेत. ते घ्या, हे मले द्या." चार लहानांचं आणि एका मोठ्याचं सोनं अगदी सारखं भरतं. भैयाजींनी तराजू लावून पाहिलं आणि हसले, "चार दिए, एक लिया, बात बराबर. जैसी आपकी मर्जी, बाबूजी." परतीच्या पॅसेंजरमध्ये गोंदियापासून दरेकशापर्यंत मामांचा एक हात खिशात होता. 

मामीला हा सौदा अजिबात आवडला नाही. "चाराचा एक करून आनला," ती म्हणाली. "उद्या एकाचं काहीच नाही करून आनान." तिच्या अंगावर सोनं म्हणजे मंगळसूत्रातले मणी तेवढे. घरात एवढं मोठं सोनं असून ते तिला हातातही घेता येत नसे. मामांचा दंडकच होता. हात धुवायचे, कोरडे करायचे, नाणं काठानं धरायचं, त्याच्यावर श्वास सोडायचा नाही. पुसायचं तर नाहीच नाही. त्याच्यावर एक तांबूस मळकट झाक होती, ती गेली की सगळं गेलं. आमच्याकडे सणवार आला की बायका दागिने रिठ्याच्या पाण्यात घासतात, आणि घरात नाणं असेल तर सोनाराकडून त्याला ओवायचं कडं, नाका, लावून गळ्यात घालतात. दोराही न ओवता नुसतं कापसात निजवलेलं सोनं मामीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. "त्या गोऱ्या बाईकडे जेवढं पाह्यता," ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, "तेवढं माह्याकडे पाहिलं असतं तं मी बी मुकुट घालून बसली असती." मामा हसायचे. त्या घरात हसण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक नेहमीचा.

मी बारावीला होते तेव्हा नागपूरचे एक वकीलसाहेब ते नाणं बघायला पॅसेंजरने आले. त्यांचा स्वतःचा मोठा संग्रह होता. ओसरीत उजेडाला बसून त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मामीनं केलेले आयते थंड झाले तरी पाहतच राहिले. मग म्हणाले, "मास्तर, द्याल त्या दिवशी मला एक तार करा. तुम्ही सांगाल तो भाव मी देईन, घासाघीस नाही. दुसऱ्या कुणाला दाखवू नका." मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या शिक्षणासाठीच ठेवलं हाये, साहेब. ही नागपूरले शिकन." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. कॉलेज, होस्टेल, पुढची सगळी वर्षं, त्या कापसातल्या पिवळ्या चकतीत होती, आणि ती चकती माझी होती. इतकं श्रीमंत मला नंतर कधीही वाटलं नाही.

मी पास झाले. नागपूरच्या कॉलेजात विज्ञान शाखेला माझं नाव लागलं, मुलींच्या होस्टेलमध्येही जागा मिळाली. गोंदियालाही कॉलेज होतं, पण आमची पॅसेंजर तिथं पोचेपर्यंत पहिले तास संपून जायचे. मामांनी सगळ्या स्टेशनाला पेढे वाटले. महिन्याअखेरपर्यंत पैसे भरायचे होते. वकीलसाहेबांना तार करायची होती, एवढंच.

ती तार होईना. पहिल्यांदा मामा म्हणाले, सोमवारी करतो. मग म्हणाले, बदलीवर माणूस आला की मीच नागपूरला जाऊन येतो, असली वस्तू तारेवर विकायची नसते. मग म्हणाले, वकीलसाहेबांनी फार घाई केली, म्हणजे भाव आणखी चढणार असं दिसते. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत, पेटीकडे बघत. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे, हात कोरडे करायचे आणि खालचा कप्पा उघडायचे. काठानं धरून ते नाणं उजेडाकडे फिरवायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते बघून मला काही विचारायचा धीर व्हायचा नाही. एकदाच मी म्हटलं, "मामा, तारीख जवळ आली." ते म्हणाले, "हो, हो. हाये माह्या ध्यानात." आणि कापूस नीट करत राहिले.

माझी लोखंडी पेटी भरून तयार होती. मी ती रोज थोडी थोडी रिकामी करू लागले. आज फणी लागली म्हणून काढली, उद्या चादर. गावाकडे परे टाकायला सुरुवात झाली होती, मायचा निरोप आला होता की पोरीचं काय ठरलं ते कळवा. केशोरीला परतले तर रोवणी, आणि रोवणीनंतर स्थळ, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी पुन्हा कुंपणाशी जाऊन उभी राहू लागले. मेल जायची, पण आता मी हात हलवत नव्हते. मामी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता माझ्याकडे बघायची, मग आत मामांकडे बघायची. त्या दिवसांत ती बोलायची कमी झाली होती. मला वाटलं, मी जाणार म्हणून असेल. नंतर वाटलं, मी जाणार नाही म्हणून तिला बरं वाटत असेल. असं वाटल्याचं मला वाईटही वाटलं, कारण आतून मी तिला दोष देऊ शकत नव्हते.

एक दिवस मामा सकाळच्या पाळीला गेले आणि मामीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. "गोंदियाले जाऊन येतो," ती मला म्हणाली. ती एकटी कधी गोंदियाला गेलेली मी पाहिली नव्हती. "कायले?" मी विचारलं. "काम हाये. भात टाकजो. कोंबड्या कोंडजो." पॅसेंजरमध्ये चढताना तिनं पदर छातीशी घट्ट धरला होता.

ती दुपारच्या गाडीनं परतली. मामा नुकतेच जेवायला बसले होते, मी वाढत होते. मामी हातपाय न धुताच आत आली, पदराची गाठ सोडली, आणि काळ्या गोफात ओवलेलं काहीतरी माझ्या गळ्यात घातलं. तिच्या अंगाची ऊब त्याला होती. मी खाली पाहिलं. ते इतकं चमकत होतं की आधी मला ओळखूच आलं नाही. बाईचं डोकं, चांदण्या, आणि मुकुटाच्या वर सोन्याचा एक जाड नाका, डाग देऊन बसवलेला. तांबूस झाक कुठं उरली नव्हती. भैयाजींच्या कारागिरानं ते घासून, उजाळून, आरशासारखं करून दिलं होतं.

मामांचा घास हातातच राहिला. ते उठले, उष्ट्या हातानेच जवळ आले, आणि माझ्या गळ्यातलं नाणं उलटं करून पाहिलं. डागाची उष्णता मागच्या बाजूलाही पोचली होती. गरुडाचा पंख गुळगुळीत झाला होता. शेपटीखालची दोन अक्षरं होती, पण घासून पुसट झालेली.

"हे काय केलंस तू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नाका लावून आनला," मामी म्हणाली.

"तुले मालूम नव्हतं का? वर्षं झाली मी सांगून राहिलो का हात लावू नोको, पुसू नोको…"

"मालूम होतं."

"मंग काऊन?"

मामी तिथंच खाली बसली. गाडीनं आणि उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. "अजी, ते एकटं होतं तोपर्यंत तुमच्यानं ते इकलं जात नव्हतं," ती म्हणाली. "या महिन्यात नाही, पुढच्या साली बी नाही. मी पाह्यतो ना तुम्हाले रोज. पोरगी पेटीतून चादर काढून राहिली, तुम्ही कापूस नीट करून राहिले. आता ते साधं सोनं हाये. साधं सोनं मानसाले इकता येते."

"पूर्ण शिक्षण होतं त्याच्यात तिचं!"

"होतं. पण पेटीत होतं." मग ती माझ्याकडे वळली, आणि जणू मीच तिला काही विचारलं होतं अशा सुरात म्हणाली, "मले काही हौस नाही तुले धाडाची. तू गेली का मी कोनासंग बोलू? या मालगाड्याइसंग?"

मामा ताटावर परत बसले नाहीत. टोपी घातली आणि स्टेशनात गेले, पाळी संपायला वेळ होता म्हणून, की आणखी कशासाठी, कुणास ठाऊक. मामीनं त्यांचं ताट उचललं, कोंबड्यांना घातलं, आणि चुलीपाशी बसून राहिली. मी ते गळ्यातलं काढून तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही. "घालून राह्य थोडा वेळ," ती म्हणाली. "चांगलं दिसते."

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मामी मला म्हणायची, मामांना सांग भात झाला. मामा मला म्हणायचे, मामीला सांग मी उशिरा येईन. क्वार्टर एवढासा की दोघांनाही दोन्ही वाक्यं ऐकू जायची, तरी मी ती पुन्हा म्हणायची. होमिओपॅथीची पेटी मामांनी माळ्यावर टाकली. गोळ्या मागायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, आता दवाखान्यात जात जा बाबा.

मग एका सकाळी ते मला म्हणाले, "चाल." आम्ही गोंदियाला गेलो. भैयाजींनी नाणं ओळखलं आणि खूश झाले. "देखा बाबूजी, कैसा चमका दिया! भाभीजी बोलीं, बिटिया के लिए है." मामांनी ते विकायचं आहे म्हणून सांगितलं. भैयाजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी पकडीनं नाका तोडला, नाणं तराजूत टाकलं. तोलून झाल्यावर ते गल्ल्याशेजारच्या वाटीत टाकणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा." वाटीत आणखी दोन-तीन पाखरं होती, साधी. मामांनी रुमालाला हात पुसले आणि ते नाणं एकदा उचललं. काठानं धरलं. आता तसं धरायची काहीच गरज नव्हती. पण त्यांनी तसंच धरलं, उजेडाकडे फिरवलं, आणि मग त्या वाटीत, बाकीच्यांवर आवाज होऊ नये अशा बेतानं, ठेवलं.

त्या पैशात कॉलेजचं आणि होस्टेलचं पहिलं वर्ष निघालं. पुढची वर्षं मी फ्रीशिप आणि शिकवण्यांवर काढली. वकीलसाहेबांचं एक पोस्टकार्ड आलं होतं, विचार झाला का म्हणून. मामांनी त्याला काय उत्तर दिलं मला माहीत नाही. हल्ली माझी नात मोबाइलवर कसल्याही जुन्या वस्तूची किंमत क्षणात काढून दाखवते. त्या नाण्याचं साल मला अजून पाठ आहे. पण मी तिला सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहीत नाही. ते किती दुर्मीळ होतं हे मला नव्यानं कळायला नको आहे.

मामी वारल्यानंतर मामा काही वर्षं गोंदियाला खोली करून एकटेच राहत. मी भेटायला गेले की आम्ही फारसं बोलत नसू, चहा घेत बसायचो. एकदा मी विचारलंच, "मामा, ती तार तुम्ही केली असती का?" त्यांनी कप खाली ठेवला. खोटं बोलायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं. "नसती केली," ते म्हणाले. "तू केशोरीले परत गेली असती. मी तुले म्हटलं असतं, पुढच्या साली. आणि मले ते खरंच वाटलं असतं." मग म्हणाले, "मले जे कळत नव्हतं ते तिले कसं कळलं, हे मी तिले विचारलं नाही." मला त्यांचा राग कधीच आला नाही. परे उपटणाऱ्या पोरीला बांधावरून उचलून आणणारेही तेच होते. पण त्या दिवशी घरी परत येताना मला मामीशी बोलावंसं इतकं वाटलं की मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईशी उगाच बोलत राहिले.

मी नागपूरला निघाले त्या दिवशी मामांची ड्यूटी होती. पॅसेंजर आमच्याकडे अगदी थोडा वेळ थांबे. मामीनं माझी पेटी गँगमनच्या मदतीनं चढवली आणि आयत्यांचा डबा खिडकीतून दिला. "झिंग्याची चटणी हाये. नागपूरच्या पोरी नाक मुरडतीन, तरी त्याइच्यापुढंच उघडजो. लाजाचं नाही." मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. "जाय आता. मले रडता येत नाही लवकर, मंग दिवसभर डोस्कं दुखते." असं म्हणून ती वळली आणि प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीशी, जाऊन उभी राहिली.

मामा ऑफिसातून बाहेर आले. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, काखेत गुंडाळलेली झेंडी. माझ्या खिडकीशी आले नाहीत. नेहमीच्या जागी उभे राहिले, कामावरच्या माणसानं उभं राहावं तसे. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग समोर डोंगराकडे बघत राहिले. गाडीची वेळ झाली. गार्डनं शिट्टी वाजवली, वाट पाहिली, आणि डब्यातून वाकून ओरडला, "मास्टरसाब, टाइम हो गया!" मामा हलले नाहीत. डब्यातली माणसं खिडकीतून डोकावू लागली. माझ्या समोर बसलेला म्हातारा म्हणाला, काय झालं वो, क्रॉसिंग आहे का?  मग मामांनी झेंडी काखेतून काढली, सावकाश उलगडली, आणि हात उंच केला. हिरवी.

गाडी सुटली. मी गजांना गाल लावून मागं बघत होते. प्लॅटफॉर्मवर उतरलेलं कुणी नव्हतं, चढणारी मी एकटीच. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मामी, आणि मधे सगळा रिकामा प्लॅटफॉर्म. दोघंही लहान होत चालली होती. मग मामी चालायला लागली. क्वार्टरकडे जाणारा रस्ता तिच्या मागं होता, पण ती तिकडे वळली नाही. मामांकडे चालली होती, घाई न करता, पदर सावरत. वळणावर डोंगर आडवा आला तेव्हा ती अर्ध्यावर पोचली होती, आणि मामांनी हात अजून खाली घेतला नव्हता.